मंडाले, व्हाया हातखंबा

थायलंड झालं. सिंगापूर-मलेशिया आईबाबांना घेऊन झालं. बालीला तर निम्मं ऑफिस हनिमूनला जाऊन आलंय आणि त्याच त्या झोपाळ्यावरचे फोटो सगळ्यांना दाखवून झालेत. आता पुढे काय, असा प्रश्न ज्यांना पडलाय त्यांनी जरा नकाशा उघडा. भारताच्या उजव्या हाताला, थायलंडच्या अलीकडे, पतंगासारखा एक देश दिसेल. खाली लांबलचक शेपटी. तो म्यानमार. आजीच्या भाषेत ब्रह्मदेश. आजोबांच्या ‘बर्मा टीक’च्या कपाटातला बर्मा तो हाच!

आग्नेय आशियातल्या देशांपैकी भारताला जमिनीने चिकटलेला हा एकमेव देश. अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम मिळून तब्बल १,६४३ किलोमीटरची सरहद्द. सख्खा शेजारी, पण आपली ओळख जेमतेम. त्यातून तुम्ही कोकणातले असाल, तर हा देश तुमच्या आणखी जवळचा आहे. कारण त्याचा शेवटचा राजा तुमच्या जिल्ह्यात तीस वर्षं राहिला आणि तिथेच गेला.

म्हणून यावेळची आपली सफर एअरपोर्टवरून नाही, तर लोट्यावरून सुरू करू या.

लोटे ते रत्नागिरी: पहिला टप्पा

लोटे-परशुराम एमआयडीसीत नोकरी म्हणजे आठवडाभर प्लँट, शिफ्ट आणि कॅन्टीन. सुटी मिळाली की बहुतेक पब्लिक बॅग उचलून मुंबई-पुण्याकडे सुटतं. एकदा हायवेवर उलट्या दिशेला तोंड करून बघा. परशुराम घाट उतरायचा, वाशिष्ठी ओलांडायची, चिपळूण, सावर्डे, संगमेश्वर मागे टाकायचं आणि हातखंब्याच्या तिठ्यावर उजवीकडे वळायचं. शंभरेक किलोमीटरमध्ये रत्नागिरी. तिथे भाट्याच्या खाडीकडे तोंड करून टेकाडावर उभा आहे तो थिबा पॅलेस.

शाळेच्या सहलीत आपण सगळे तिथे जाऊन आलेलो असतो. रांगेत चाला, हात लावू नका, डबा खा, बसमध्ये बसा. कोण हा थिबा, इथे कशाला आला, हे विचारायचं राहूनच जातं. त्याचं उत्तर ऐकलंत तर म्यानमार नावाचं अर्धं कोडं तिथल्या तिथे सुटतं.

एक मुंबईची कंपनी आणि एक सिंहासन

थिबा मंडालेच्या गादीवर आला १८७८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. कोनबाँग घराण्यातला हा शेवटचा राजा. सुरुवात काही गोड नव्हती. त्याच्या राज्यारोहणानंतर काही महिन्यांतच राजघराण्यातल्या कित्येक भाऊबंदांची कत्तल झाली. तेव्हा त्याला उगाच बिचारा करायलाही नको.

पण त्याची गादी गेली ती सागवानाच्या ओंडक्यांवरून. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलात सागवान तोडायची. पैसे भरले त्यापेक्षा जास्त ओंडके नेले, असा ठपका मंडालेच्या दरबाराने तिच्यावर ठेवला आणि मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. मंडालेत फ्रेंचांचं वजन वाढत चाललंय, ही त्यांची खरी पोटदुखी. नोव्हेंबर १८८५ मध्ये लढाई सुरू झाली आणि जेमतेम दोन आठवड्यांत आटोपली. सव्वीस वर्षांच्या राजाला बायका-मुलींसकट आगबोटीत बसवून इरावती नदीतून खाली नेलं. आधी रंगून, मग मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. ही बॉम्बे बर्मा आजही आहे बरं का. वाडिया समूहात आहे, शेअर बाजारात तिचा भावही दिसतो.

रत्नागिरीच का? तेव्हा इथे रेल्वे नव्हती, समोर समुद्र आणि पाठीशी सह्याद्री. राजाला लपवून ठेवायला यापेक्षा बरी जागा कुठली! आज जो वाडा आपण बघतो तो तयार झाला १९१० मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं थिबा बंगल्यातच राहिला आणि वाड्यात फक्त सहा वर्षं. डिसेंबर १९१६ मध्ये तो गेला. त्याची आणि धाकट्या राणीची समाधी रत्नागिरीतच आहे. थोरली राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली, पण मंडालेला तिला कधीच जाऊ दिलं नाही.

थोरल्या राजकन्येची गोष्ट तर एखाद्या सिनेमाची. वाड्यावरच्या मराठी दरवानावर तिचं मन जडलं. त्यांची मुलगी टूटू. आई १९१९ मध्ये कुटुंबाबरोबर ब्रह्मदेशात गेली खरी, पण रत्नागिरीत परत आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टूटू रत्नागिरीत मराठी बोलत वाढली, इथेच संसार केला आणि २००० मध्ये गेली. मंडालेच्या राजाची नात आणि रत्नागिरीच्या बाजारात भाव करणारी बाई, दोन्ही एकच!

अदलाबदल

आता नाण्याची दुसरी बाजू. टिळकांचा जन्म १८५६ मधला, रत्नागिरीतला. त्यांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगायला कुठे पाठवलं, तर मंडालेला! मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत, तेही एकाच वेळी. ‘गीतारहस्य’ लिहिलं गेलं ते तिथल्या तुरुंगात. त्याच्याही आधी, १८५८ मध्ये, दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला नेऊन टाकलं होतं. तो तिथेच १८६२ मध्ये गेला आणि त्याचा दर्गा आजही तिथे आहे.

यातलं लक्षात ठेवायचं ते एकच. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. व्यापारी गेले, मजूर गेले, कारकून गेले. देश स्वतंत्र झाला ४ जानेवारी १९४८ ला. १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, दुकानं-धंदे सरकारजमा झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले लाखो भारतीय हात हलवत परतले. आपल्या आणि त्यांच्यामध्ये दार बंद झालं ते तेव्हा. आपल्याला बँकॉकची गल्ली न्‌ गल्ली माहीत असते आणि यांगॉन म्हणजे जुनं रंगून, हेसुद्धा सांगावं लागतं, त्याचं कारण हे.

देश आहे तरी कसा?

आकाराने महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडा मोठा. लोकसंख्या पाच कोटींच्या वर. घड्याळ आपल्यापुढे एक तास. राजधानी नेप्यिडॉ, म्हणजे लष्कराने २००५-०६ मध्ये माळरानावर उभी केलेली नवी सरकारी नगरी. खरं गजबजलेलं शहर मात्र यांगॉनच. १९८९ मध्ये देशाचं इंग्रजी नाव बर्माचं म्यानमार झालं.

हवामान कोकणी माणसाला शिकवायला नको. नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्रावरून येतो, किनाऱ्याच्या डोंगरांवर आपटतो आणि धो धो कोसळतो. डोंगरापलीकडे मात्र कोरडं ठाक. आपल्याकडे सह्याद्रीच्या अलीकडे चिपळूण आणि पलीकडे माण-खटाव असतं ना, तसंच. तिथला माण-खटाव म्हणजे बागान आणि मंडाले. एप्रिलमध्ये मंडालेत पारा चाळिशी ओलांडतो. फिरायला बरा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते ऑक्टोबर पाऊस. एप्रिलच्या मध्यावर थिंज्यान, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष. रंग न घालता खेळलेली चार दिवसांची रंगपंचमी म्हणा हवं तर.

बघण्यासारखं काय, ही यादी मोठी आहे. यांगॉनमध्ये श्वेडगॉन पॅगोडा, शंभर मीटरच्या आसपास उंच आणि वरपासून खालपर्यंत सोन्याने मढवलेला. त्याच्याभोवती प्रत्येक वाराचा एकेक कोपरा असतो आणि आपण ज्या वारी जन्मलो तिथल्या मूर्तीवर पाणी घालायचं असतं. बुधवारचे दोन भाग, दुपारपूर्वीचा आणि नंतरचा. त्यामुळे वार सात आणि कोपरे आठ! बागानमध्ये इरावतीच्या काठी मोकळ्या माळावर शेकडो वर्षं जुन्या विटांच्या देवळांचा समुद्र. युनेस्कोने त्याला २०१९ मध्ये जागतिक वारसा ठरवलं. इन्ले सरोवरात एका पायाने वल्हं मारणारे कोळी, तरंगत्या वाफ्यांवर टोमॅटोची शेती.

आणि मंडाले. थिबाचा मूळ राजवाडा दुसऱ्या महायुद्धात, १९४५ च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात जळून गेला. आत्ताचा आहे तो १९९० च्या दशकात बांधलेला. पण मूळ वाड्यातला एक लाकडी महाल थिबानेच आपल्या वडिलांच्या मृत्यूनंतर तटाबाहेर हलवून मठाला दिला होता. बाहेर होता म्हणून वाचला. श्वेनंडॉ मठ त्याचं नाव. नखशिखान्त कोरलेलं सागवान. राजाने घरातून काढलेली वस्तू तेवढी घराची आठवण म्हणून उरली.

खाणं-पिणं-वागणं

सकाळी मोहिंगा. तांदळाच्या शेवया आणि माशाचं दाटसर कालवण, त्यात केळीचा गाभा. घरच्यासारखं वाटलं ना? जेवणात भात आणि सोबत नगापी, म्हणजे आंबवलेल्या मासळीची किंवा कोळंबीची चटणी. सुकटीच्या वासाला नाक न मुरडणाऱ्यांनी बिनधास्त खावी. लफे म्हणजे मुरवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर, वर शेंगदाणे, तीळ आणि तळलेला लसूण. चहा प्यायचा आणि पानंही खायची, असा त्यांचा फंडा. शिवाय चहाच्या टपऱ्या, बुटकी स्टुलं, कंडेन्स्ड मिल्कचा दाट चहा आणि सोबत ‘समूसा’ आणि ‘पलाटा’. हे कुठून गेलं ते वेगळं सांगायला नको.

बाई-बुवा दोघंही लुंगीसारखी लाँजी नेसतात. गालावर तनाखा, म्हणजे झाडाची साल सहाणेवर उगाळून केलेला लेप. आपण चंदन उगाळतो तसाच. देवळात बूटच नाही, मोजेही काढायचे आणि तेही आवाराच्या दारातच. गुडघे-खांदे झाकलेले हवेत. आणि बुद्धाचा टॅटू असेल तर तो फॅशन म्हणून मिरवायचा नाही. तिथे लोकांना ते खरोखर लागतं. ‘मिंगलाबा’ म्हटलं की नमस्कार झाला.

मग तिकीट काढू का?

इथे जरा थांबा बॉस. नाही. सध्या नाही.

२०११ नंतर हा देश उघडला होता. २०१५ मध्ये आँग सान सू ची यांच्या पक्षाने निवडणूक जिंकली, पर्यटक वाढले, बॅकपॅकवाल्यांना बागानचा सूर्योदय सापडला. त्या काळात जाऊन आलेले लोक सांगतात, डॉलरच्या नोटेला घडी पडलेली असली तरी दुकानदार घ्यायचे नाहीत. त्याच काळात, २०१७ मध्ये, लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांहून जास्त रोहिंग्यांना बांगलादेशात पळावं लागलं, हेही विसरायचं नाही. मग १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली आणि तेव्हापासून देशात यादवी पेटली. २०२४ मध्ये तरुणांवर सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू केला. म्हणजे तुमच्या-आमच्या वयाची पोरं एक तर बंदूक घेतायत, नाही तर देश सोडून पळतायत. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताच्या परराष्ट्र खात्याने राखीन प्रांतात जाऊ नका, असाल तर निघा, अशी सूचना काढली. त्यावर २८ मार्च २०२५ चा ७.७ तीव्रतेचा भूकंप. साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. मंडाले परिसराला सगळ्यात मोठा फटका बसला, इरावतीवरचा जुना आवा पूल कोसळला.

‘पण यांगॉन तर शांत असतं म्हणे,’ असं कुणीतरी सांगेल. एजंट तर नक्कीच सांगेल. तरी दोन प्रश्न उरतात. पहिला सेफ्टीचा. रस्ता कुठे कधी बंद होईल, विमान कधी रद्द होईल, विमा कंपनी क्लेम देईल का, याचा भरवसा नाही. दुसरा पैशाचा. तिथल्या लष्कराच्या स्वतःच्या कंपन्या आहेत आणि बँकेपासून बिअरपर्यंत त्यांचे हात आहेत. आपले डॉलर टपरीवाल्याला मिळतात की बंदुकीच्या गोळीला, हे आपल्याला कळणार नाही. हा वाद जुना आहे. १९९६ हे लष्कराने ‘म्यानमार भेट वर्ष’ म्हणून साजरं करायला घेतलं, तेव्हा सू ची यांनी जगाला येऊ नका असंच सांगितलं होतं. ‘तुम्ही आलात तर निदान जगाला आमची खबर लागते,’ असं म्हणणारेही तिथे आहेत, आणि त्यांचं चूक आहे असं नाही. पण युद्ध चालू असताना आठ दिवसांच्या सुटीत आपण ती खबर आणणार नाही, फोटो आणणार. म्हणून माझं मत, थांबा.

एक सूचना, जरा सिरियस

म्यानमारचं नाव तुमच्या मोबाइलवर दुसऱ्याच वाटेने येऊ शकतं. ‘बँकॉकमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी, पगार डॉलरमध्ये, तिकीट आमचं.’ अशा आमिषाला भुलून गेलेल्या कित्येकांना थायलंडमधून गुपचूप सरहद्द ओलांडून म्यावाडीच्या परिसरात नेलं गेलं. तिथे कुंपणाआड पासपोर्ट काढून घ्यायचे आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपायचे. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाची विमानं पाठवून पाचशेहून अधिक भारतीयांना सोडवून आणावं लागलं. त्यांच्यात बरेच जण वीस-पंचवीस-तिशीतले, कॉम्प्युटर चालवता येणारे, बऱ्या पगाराच्या शोधात निघालेले.

तेव्हा कंत्राटावरची नोकरी संपली म्हणून असा मेसेज आला, तर आधी तपासा. परदेशी नोकरीच्या एजंटांची नोंदणी परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट यंत्रणेत असते. नोंदणी नसेल तर विषय संपला. टुरिस्ट व्हिसावर नोकरीला पाठवतो म्हणणारा माणूस तुमचा मित्र नाही. आणि घरात एकाला तरी कंपनीचं नाव, पत्ता, फ्लाइटचा नंबर देऊन ठेवा. लाजायचं काय त्यात!

तर मग काय करायचं?

जो भाग आपल्या हाताशी आहे तो नीट बघा. एक रविवार पुरेसा आहे. लोट्याहून सकाळी लवकर निघा. रत्नागिरीत आधी टिळक आळीतलं टिळकांचं जन्मस्थान. कौलारू घर आहे, अर्धा तास लागतो. इथला मुलगा मंडालेला गेला, हे डोक्यात ठेवून बाहेर पडा. मग थिबा पॅलेस. सुटीचा वार आणि वेळ आधी फोन करून विचारा, नाहीतर फाटकावरूनच परतावं लागेल. आत गेल्यावर लाकडी कोरीव काम बघा आणि मग खाडीच्या बाजूला येऊन उभे राहा. राजाला रोज दिसायचं ते एवढंच, पाणी आणि येणारी-जाणारी गलबतं. शेवटी शिवाजीनगर भागातली त्याची समाधी. तिथे गर्दी नसते. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीत आले आणि या समाधीपुढे नतमस्तक झाले. सव्वाशे वर्षांनी का होईना, त्यांच्या देशातून कुणी चौकशीला आलं. दुपारी मासे खा, संध्याकाळी भाट्याचा किनारा आणि रात्रीच्या आत घरी.

जाण्याआधी वाचायचं असेल तर दोन पुस्तकं. अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही २००० मधली कादंबरी, मंडालेच्या पाडावापासून सुरू होऊन रत्नागिरीला येणारी. आणि सुधा शहा यांचं ‘द किंग इन एक्झाइल’ हे २०१२ चं पुस्तक, राजघराण्याचं पुढे काय झालं याची सगळी खरी हकिगत. कादंबरी आधी वाचा, हकिगत नंतर. उलट केलंत तरी बिघडत नाही.

म्यानमारचे दिवसही पालटतील. एवढी मोठी नदी, एवढी देवळं आणि आल्यागेल्याला चहा विचारणारी माणसं असलेला देश कायमचा बंद राहत नाही. तो उघडेल तेव्हा श्वेनंडॉच्या सागवानी दारात उभं राहून ‘आमच्या रत्नागिरीत तुमचा राजा राहायचा’ असं सांगणारा पर्यटक मराठी असला पाहिजे. बाकीच्या जगाला हे वाक्य म्हणता येणार नाही. तोवर पासपोर्ट ड्रॉवरमध्ये राहू दे. गाडीत पेट्रोल मात्र भरून ठेवा.